नामदेव कच्चे का ठरले?



या संमेलनाचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत. अध्यक्षाने भाषेच्या प्रकृतीवर बोलावं असा रिवाज आहे. मी आज श्रद्धेवर बोलणार आहे. आपल्या भाषेचं घर ज्यांनी बांधलं त्यांचा तोच ध्यास होता, आणि माझा स्वतःचा एक जुना प्रश्नही तिथेच अडकलेला आहे.

माझे वडील माथाडी कामगार. १९८१ मध्ये मुंबईचा कांदा-बटाटा बाजार खाडीपलीकडून इकडे वाशीला आला आणि त्याच्या मागोमाग आम्हीही आलो. त्यानंतर काही वर्षांनी माझ्या धाकट्या भावाला मेंदूज्वर झाला. इस्पितळात समोरासमोर दोन खाटा होत्या. एकीवर भाऊ, दुसरीवर आमच्याच वसाहतीतल्या एका मावशींचा मुलगा. आई आणि मावशी दोघी साताऱ्याकडच्या, दोघींच्या गळ्यात तुळशीची माळ. रात्री वॉर्डातले दिवे मंद झाले की आई हलक्या आवाजात हरिपाठ सुरू करायची आणि मावशी पलीकडून साथ द्यायच्या. पाचव्या दिवशी भावाचा ताप उतरला. सहाव्या रात्री मावशींचा मुलगा गेला.

पुढे आई शेवटपर्यंत सांगायची, "विठ्ठलानं माझं लेकरू राखलं. मी या डोळ्यांनी बघितलंय." तिने खोटं काही सांगितलं नाही. पण मावशी घरात आल्या की ती हे वाक्य कधीच बोलत नसे.

तिच्या त्या गप्प राहण्यात माझा प्रश्न आहे. जो अनुभव समोरच्या शेजारणीला सांगता येत नाही, त्या एकट्याच्या आधारावर श्रद्धा उभी राहू शकते का? दोघींनी एकाच देवाला, एकाच शब्दांत हाक मारली होती. एकीचा अनुभव पुरावा मानायचा, तर दुसरीचा का नाही?

अमेरिकी विचारवंत विल्यम जेम्स यांनी १९०२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या व्याख्यानांत या प्रश्नाची एक वाटणी केली. गूढ अनुभव ज्याला येतो त्याच्यापुरता तो प्रमाण, इतरांनी तो निमूट मानावा असं बंधन नाही. ही वाटणी न्यायाची आहे, पण तिने माझं समाधान होत नाही. तिच्यात आई तिच्या खाटेपाशी आणि मावशी त्यांच्या खाटेपाशी राहतात, आणि मधलं अंतर तसंच राहतं.

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार फार आधी झाला आहे, आणि तो एका कुंभाराच्या घरी झाला आहे. तेरला गोरोबाकाकांकडे संतमंडळी जमली, ती कथा तुम्ही सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. मुक्ताबाईने थापटणं पाहून विचारलं, हे कशासाठी? मडकं भाजलं आहे की नाही ते बघायला. मग आम्हालाही बघा. गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. बाकीचे निमूट बसले, नामदेव चिडले. हे मडकं कच्चं, असा निकाल झाला.

वर्षानुवर्षं वर्गात ही कथा सांगताना मी तिचा अर्थ अहंकाराशी लावत असे. तो चुकीचा नाही. पण नामदेव म्हणजे कोण, याचा विचार मी केला नव्हता. त्यांच्या हातचा नैवेद्य विठ्ठल जेवला, त्यांच्याशी बोलला, असं परंपरा सांगते. त्या बैठकीत वैयक्तिक अनुभव सर्वांत जास्त कुणाच्या पदरी असेल, तर नामदेवांच्या. आणि कच्चे ठरले ते तेच! म्हणजे अनुभव आला एवढ्याने भागत नाही, हे वारकरी परंपरेने आपल्या सर्वांत लाडक्या भक्ताचं उदाहरण देऊन सांगून ठेवलं आहे.

उन्हाळ्यात माठ घेताना आपण बोटाच्या पेराने टिचकी मारून बघतो. भाजलेला माठ खणखणतो, कच्चा बद्द वाजतो. पण माठाला स्वतःचा आवाज ओळखता येत नाही, तो ऐकणारा दुसरा लागतो. नामदेवांना तो विसोबा खेचरांच्या रूपाने औंढ्याला भेटला. देव नाही अशी जागा दाखव, तिथे मी पाय ठेवतो, या एका बोलण्याने त्यांनी नामदेवांचा पंढरपुरातला देव सगळीकडे नेला. मग नामदेव पंजाबात गेले. त्यांच्या ६१ रचना गुरू ग्रंथसाहिबात आहेत. २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं, ते त्यांच्याच या वाटेमुळे. ज्यांनी चंद्रभागा पाहिली नाही, विटेवरची मूर्ती पाहिली नाही, अशा माणसांनी ते शब्द आपल्या धर्मग्रंथात जपले. माझ्या लेखी हा अनुभवापलीकडचा आधार आहे. गुरुदेव रानडे यांनी १९३३ च्या आपल्या 'मिस्टिसिझम इन महाराष्ट्र' या ग्रंथात अनुभवाची कसोटी सांगताना सार्वत्रिकता आणि नीती यांवर भर दिला, तोही याच दिशेचा आहे.

दुसरं उदाहरण बाबासाहेब आंबेडकरांचं. लहानपणी साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेले ते आणि त्यांच्या सोबतची मुलं मसूर स्टेशनवर उतरली. जात कळल्यावर गाडीवाला मिळेना, आणि पुढे वाटेत डबा सोबत असून पाण्यावाचून त्यांना उपाशी राहावं लागलं. धर्म सोडायला एवढा एक अनुभव पुरेसा होता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला त्यांनी धर्म सोडण्याचा निर्धार जाहीर केला, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा घेतली. मध्ये एकवीस वर्षं गेली. आपली जखम खरी आहे हे पुरेपूर माहीत असलेला माणूस एकवीस वर्षं धर्म तपासत राहिला, कारण त्याला एकट्यापुरतं उत्तर नको होतं.

त्यांच्या पश्चात १९५७ मध्ये आलेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात तर ते खुद्द बुद्धाच्या अनुभवकथेलाही टिचकी मारतात. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडलं, ही कथा त्यांना पटत नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर मरण पाहिलंच नसेल, हे कसं मानायचं? त्याऐवजी ते रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात पेटलेला तंटा पुढे ठेवतात. एका मनातलं दुःख बाजूला ठेवून दोन राज्यांमधलं पाणी त्यांनी धम्माच्या उगमाशी आणलं. महाडच्या तळ्यावर ओंजळ भरणाऱ्या माणसाने हे केलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

यावर कुणी म्हणेल, मग पोथीत आहे तेच प्रमाण धरा. तसं मी म्हणत नाही. पोथी थापटणं घेत नाही, आणि गोरोबांची बैठक जिवंत माणसांची होती. देव आहे की नाही, हेही या कसोटीतून सिद्ध होत नाही. मडकं भाजलेलं आहे का, एवढंच कळतं. पण शेजारणीसमोर आपली श्रद्धा मांडायला एवढं कळणं मला आवश्यक वाटतं.

दोन वर्षांपूर्वी आषाढीला मी वसाहतीतल्या देवळात गेले होते. मावशी आता थकल्या आहेत. कित्येक वर्षं जिभेवर असलेला प्रश्न मी तेव्हा विचारला, तुम्ही माळ का काढली नाहीत?

त्या बराच वेळ टाळाची दोरी सोडवत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या सासूनं घातली ती. तिचीबी दोन गेली हुती. आन् त्या राती तुझी आय तुझ्या भावाला सोडून माझ्या खाटंपाशी बसली. इठ्ठल कुठं हुता मला ठावं न्हाई, बाय. ती हुती."

हरिपाठ सुरू झाला होता. त्या उठल्या आणि ओळीत जाऊन उभ्या राहिल्या.