पटपडगंजचा स्तंभ

दिल्लीस जाणारा मराठी माणूस लाल किल्ला, कुतुबमिनार पाहून परततो. यमुनेपलीकडे, नोएडाच्या गोल्फ मैदानातील दगडी स्तंभ त्याला कोणी दाखवीत नाही.

महादजी शिंदे १७८४ मध्ये वकील-इ-मुतलक झाले आणि बादशाहीची सूत्रे मराठ्यांच्या हाती आली. ती ११ सप्टेंबर १८०३ रोजी याच परिसरात निसटली. जनरल लेकने दौलतराव शिंद्यांच्या कवायती पलटणी मोडल्या, दिल्ली इंग्रजांची झाली. शिंद्यांचा सेनापती होता लुई बूर्कँ, फ्रेंच!

स्तंभ १९१६ मध्ये उभारला तोही जेत्यांनीच. त्यावर लेक आहे, बूर्कँ आहे. धारातीर्थी पडलेल्या शिपायांपैकी एकाचेही नाव नाही. स्तंभ क्लबच्या आवारात असल्याने आत जाण्यापूर्वी विचारणा करावी.