दोरी कामगाराच्या हाती
(वासंतिक व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संक्षिप्त शब्दांकन)



कारखानदार भेटले की एक तक्रार हमखास कानावर येते, ‘हल्ली माणसं कामात मन घालत नाहीत.’ त्यावरचे उपायही ठरलेले आहेत. बाहेरून वक्ता बोलवायचा, एक दिवसाची सहल काढायची, ‘आपण सारे एक कुटुंब’ असं साहेबांनी माइकवरून सांगायचं. आठवड्याभरात सारं पुन्हा पहिल्यासारखं होतं. माझं म्हणणं असं की, कामात अर्थ वाटावा म्हणून साहेबांनी काय सांगितलं याला फारसं महत्त्व नाही. साहेबांनी काय सोडलं, हे विचारायला हवं.

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट इथं जनरल मोटर्सचा मोटारगाड्यांचा एक कारखाना होता. खाडे वीस टक्क्यांवर गेलेले, युनियनच्या हजारो तक्रारी तुंबलेल्या. सोमवारी असेंब्ली लाइन चालू करायला माणसं पुरायची नाहीत. कामगार दारू पिऊन यायचे, मुद्दाम गाड्या बिघडवायचे. 1982 साली कंपनीनं कारखान्याला टाळं ठोकलं. दोन वर्षांनी टोयोटाबरोबर भागीदारी करून तोच कारखाना ‘नम्मी’ या नावानं पुन्हा उघडला. व्यवस्थापन टोयोटाचं, पण युनियन तीच आणि सुरुवातीला घेतलेल्या कामगारांपैकी सुमारे 85 टक्के जुन्याच कारखान्यातले. ज्यांना ‘अमेरिकेतले सर्वांत वाईट कामगार’ म्हणून हिणवलं जाई, तेच हे लोक. थोड्याच काळात खाडे दोन-तीन टक्क्यांवर आले आणि गाड्यांचा दर्जा टोयोटाच्या जपानमधल्या कारखान्याच्या जवळ जाऊन पोचला.

असं काय बदललं? लाइनच्या वर एक दोरी होती. काही चुकतंय असं दिसलं की कोणीही ती ओढायची. ओढली की दिवा लागतो, धून वाजते, टीम लीडर धावत येतो. ठरलेल्या खुणेपर्यंत गाडी पोचायच्या आत अडचण सुटली नाही, तर सगळी लाइन थांबते. जुन्या कारखान्यात लाइन थांबवणं म्हणजे महापाप. बोल्ट वाकडा बसला तरी गाडी पुढे ढकलायची, दुरुस्ती मागाहून. आपण चुकीचा माल पुढे पाठवतोय हे ठाऊक असताना आठ तास उभं राहणाऱ्या माणसाला कामाची लाज वाटते, आणि लाज वाटली की तो कामावर येईनासा होतो. दोरीनं त्याला एवढंच सांगितलं की, तुझ्या डोळ्यांवर आमचा विश्वास आहे.

दुसरी गोष्ट त्याहून मोलाची. पूर्वी स्टॉपवॉच घेऊन इंजिनिअर यायचे, कामगाराला न विचारता कामाची पद्धत ठरवून जायचे. नम्मीत स्टॉपवॉच कामगारांच्याच हाती आलं. टीममधली माणसं एकमेकांचं काम मोजायची, सोपी रीत शोधून कागदावर उतरवायची. पॉल अ‍ॅडलर या अभ्यासकानं नोंदवलेला आकडा पाहा. पूर्वी दर 60 सेकंदांतले सुमारे 45 सेकंद हात चालत, नम्मीत 57. म्हणजे काम वाढलं, तरी माणसं जास्त समाधानी. माणूस कष्टाला कंटाळत नाही, दुसऱ्यानं न विचारता ठरवून दिलेल्या कष्टाला कंटाळतो.

पण नुसत्या दोरीनं हे झालेलं नाही. साहेबांचं वेगळं कँटीन गेलं, राखीव पार्किंग गेलं. कंपनीच्या जिवावर बेतेपर्यंत कुणाला कमी करायचं नाही, असा करार झाला. 1988 च्या सुमारास गाड्या खपेनात, तेव्हा त्या कराराची कसोटी लागली. कुणालाही घरी पाठवलं नाही. रिकाम्या हातांना प्रशिक्षण दिलं, सुधारणांच्या कामाला लावलं. आपल्याच सूचनेनं आपलीच नोकरी जाणार असेल, तर सूचना करणार कोण?

याची उलट बाजूही आहे. जनरल मोटर्सनं कॅलिफोर्नियातल्याच व्हॅन नाइसच्या आपल्या कारखान्यात हीच पद्धत नेली. दोऱ्या टांगल्या. पण मॅनेजरांचा बोनस गाड्यांच्या संख्येवर ठरायचा, त्यामुळे लाइन थांबवायला त्यांचं मन धजेना. दोरी लोंबकळत राहिली, ओढायची हिंमत कुणाला झाली नाही. दोऱ्या सहज टांगता येतात, बोनसचा हिशेब बदलणं जड जातं.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर गिरगावात जा. 15 मार्च 1959 रोजी सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. तेच आजचं लिज्जत. सकाळी शाखेतून मळलेलं पीठ न्यायचं, घरी लाटायचं, वाळलेले पापड परत आणून वजन करून द्यायचे. काम तसं एकसुरीच. पण तिथं लाटणारीला कामगार म्हणत नाहीत, ती सभासद भगिनी आणि मालकीण. नफा-तोटा सगळ्यांचा. शाखा चालवणारी संचालिकाही त्यांच्यातूनच वर आलेली असते. म्हणून पापड जाड झाला, तर तिचं स्वतःचं नाव खराब होतं.

आता आपल्याकडच्या उद्योजकांना माझे तीन प्रश्न. तुमच्या शॉपवरचा साधा ऑपरेटर चुकीचा माल थांबवू शकतो का, आणि थांबवल्यावर त्याला शाबासकी मिळते की मेमो? त्याच्या कामाची पद्धत ठरवताना त्याला कधी विचारलं का? आणि मंदीत पहिली कुऱ्हाड कंत्राटी पोरांवर पडते, तेव्हा त्यांच्याकडून जिव्हाळ्याची अपेक्षा कोणत्या तोंडानं करता? पगार वेळेवर आणि पुरेसा हवा, हे तर गृहीतच आहे. पोटाला चिमटा काढून कामात अर्थ सापडत नाही.

या तीन प्रश्नांमागच्या अधिकारांपैकी एक जरी हातचा सोडायची तयारी असेल, तर उद्याच्या शिफ्टपासून सुरुवात करा. तयारी नसेल, तर निदान गेटवर ‘माणूस हीच आमची संपत्ती’ अशी पाटी तरी लावू नका. रंगाऱ्याचा खर्च वाचेल.