गिऱ्हाईक काय विचारतं?

कुडाळहून मालवणला येताना किंवा मालवणहून पुढे तारकर्ली-देवबागच्या वाटेला लागल्यावर रस्त्याकडेचे फलक वाचत चला. ‘अस्सल मालवणी जेवण’, ‘घरगुती चव’, ‘समुद्रालगत निवास-न्याहारी’, ‘शुद्ध कोकम’, ‘ओरिजिनल देवगड हापूस’. फलक नवे, रंग ताजे, अक्षर सुबक. शब्द मात्र सगळ्यांचे तेच. त्यातला एकही शब्द खोटा नाही. जेवण अस्सलच असतं, कोकम शुद्धच असतं. पण पुण्याहून दिवसभर गाडी चालवत आलेल्या कुटुंबानं या दहा घरांतलं कुठलं निवडायचं, ते या शब्दांवरून ठरत नाही. मग ते भावावर ठरतं. आणि एकदा भावावर गोष्ट आली की शेजारी शेजाऱ्याचा भाव पाडत बसतो. मला याचं फार वाईट वाटतं, म्हणून आज हा विषय घेतला.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातले बचत गट, बागायतदार, घरी पर्यटक ठेवणारी मंडळी यांना लेबलं, पत्रकं, मोबाइलवर पाठवायचे मजकूर लिहून द्यायचे, हे माझं काम. येणारा प्रत्येक जण म्हणतो, ‘दोन ओळी चांगल्या लिहून द्या.’ मी विचारतो, ‘तुमच्याकडून घेणारा माणूस घेण्याआधी काय विचारतो?’ इथे बहुतेकांचं बोलणं अडतं.

ते अडण्यामागे आपल्या व्यापाराची जुनी रीत आहे. पिढ्यान् पिढ्या आपला आंबा पेंढा घालून पेटीत भरला गेला आणि मुंबईच्या दलालाकडे रवाना झाला. आधी क्रॉफर्ड मार्केट, नंतर वाशी. बागायतदाराच्या हाती आली ती पट्टी: पेट्या किती, दर काय, हमाली किती, दलाली किती, खाली उरलेली रक्कम. आंबा खाणारा माणूस त्या पट्टीत कुठेच नव्हता. त्याला फळ आवडलं का, पेटीतली किती फळं टाकावी लागली, पुढच्या वर्षी त्यानं दुसरीकडून का घेतलं, हे दुकानदाराला ठाऊक होतं, थोडंफार दलालाला ठाऊक होतं. ज्यानं कलमं जोपासली, मोहोरावर रात्रंदिवस नजर ठेवली, त्याला मात्र ते कधी कळलंच नाही. मग आज स्वतःच्या नावानं पेटी विकायची वेळ आल्यावर त्यानं लिहायचं तरी काय? जे आपल्याला आपल्या फळाबद्दल वाटतं तेच तो लिहितो: गोड, रसाळ, अस्सल.

आता पुण्याच्या आंबा महोत्सवात जा. कृषी पणन मंडळ तो भरवतं. उत्पादक स्वतः गाळ्यावर उभा राहून थेट गिऱ्हाइकाला माल देतो. विकायला नका जाऊ, ऐकायला जा. एखाद्या ओळखीच्या बागायतदाराच्या गाळ्यामागे दुपारभर बसा. आंबा गोड आहे का, असं फार थोडे विचारतात. हापूस गोड असतो हे ते धरूनच चालतात. ते विचारतात ते असं. ‘नक्की देवगडचाच ना? कर्नाटकचा मिसळलेला नाही?’ ‘पावडर टाकून पिकवलाय का?’ ‘आज नेला तर खाता कधी येईल? शनिवारी पाहुणे आहेत.’ आणि एखादी बाई जरा आवाज खाली आणून सांगते, ‘मागच्या वर्षी वरून सोन्यासारखी फळं होती, कापली तर निम्मी आतून पांढरी.’

हा साका. श्रोत्यांपैकी बागायतदारांना मी काय सांगणार? फळ बाहेरून निर्दोष दिसतं, आत गर पांढरट, भुसभुशीत, आंबट राहतो. कापल्याशिवाय कळत नाही. झाडावर जास्त तयार होऊ दिलेल्या फळात त्याचं प्रमाण वाढतं, म्हणून साधारण 85 टक्के तयार फळ काढा, असं शास्त्रज्ञ सांगतात. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रानं तर 1981 साली नीलम आणि हापूस यांच्या संकरातून रत्ना ही जात काढली, तिच्यात साका होत नाही. तरी बाजार हापूसच मागतो. म्हणजे गिऱ्हाइकाला साका नको आहे, पण हापूसचा वास, हापूसचं नाव सोडून दुसरं काही नको आहे. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत आणि घरी बसून त्या सुचल्या नसत्या.

आता या चार प्रश्नांतून पत्रक कसं तयार होतं पाहा. देवगडचा कशावरून? बागेचं गाव, कलमांची जागा, तोडणीची तारीख पेटीवर लिहा. 2018 मध्ये कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, त्याची नोंदणी तुम्ही केली असेल तर तो क्रमांक छापा. पावडर? कॅल्शियम कार्बाइडनं फळ पिकवायला कायद्यानं बंदी आहे. तुम्ही कसं पिकवता ते दोन वाक्यांत सांगा. शनिवारचे पाहुणे? तीन प्रकारची पेटी ठेवा: आज खाण्याजोगी, तीन-चार दिवसांची, आठवड्याची. आणि साका? तिथे सरळ लिहा: ‘साका बाहेरून ओळखता येत नाही. कापल्यावर निघाला तर फोटो पाठवा, तेवढी फळं बदलून देऊ.’ एका बागायतदाराला हे वाक्य फार धाडसाचं वाटलं. ते म्हणाले, ‘साका हा शब्द आपणच कशाला छापायचा?’ माझं म्हणणं असं की तो शब्द गिऱ्हाइकाच्या मनात आधीच छापलेला आहे. आपण गप्प राहिलो तर तो तिथे एकटाच राहतो.

मनातल्या भीतीचं हे प्रकरण नवं नाही. बेळगावात सायकलींचं दुकान चालवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला, तेव्हा तो घ्यायला कोणी पुढे येईना. पहिला नांगर विकायला दोन वर्षं गेली. नांगर चांगला होता, लाकडी नांगरापेक्षा खोल जात होता. पण लोखंडानं जमिनीत विष उतरतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. आता विचार करा, त्या वेळी कोणी जाहिरातीत ‘मजबूत, अस्सल लोखंडी’ असं मोठ्या अक्षरात लिहिलं असतं तर काय झालं असतं? ज्या शब्दाला शेतकरी भ्यायला होता तोच त्याच्या तोंडावर मारल्यासारखं झालं असतं. पुढे 1910 मध्ये औंध संस्थानाच्या जागेत किर्लोस्करवाडी उभी राहिली, नांगर महाराष्ट्रभर गेले, 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक निघालं. पण आधी ती समजूत कळावी लागली.

कोकमाकडे वळतो. इथे आपली गिऱ्हाइकं दोन आहेत आणि आपण दोघांना एकच लेबल दाखवतो. पहिला आपला चाकरमानी. तो आंगणेवाडीच्या जत्रेला येतो, मेमध्ये येतो, गणपतीला येतो. आगळ म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस, हे त्याला सांगावं लागत नाही. तो बाटली उजेडात धरून रंग बघतो, वास घेतो आणि विचारतो, ‘मोठ्या कॅनमध्ये आसा काय?’ त्याला वर्षभराचं हवं असतं. दुसरं, पुण्या-कोल्हापूरचं पर्यटक कुटुंब. त्यांना आगळ आणि सरबत यांतला फरक माहीत नसतो. ते बाटली घरी नेतात, पाण्यात घालून पितात, खारट लागतं, आणि ती बाटली फ्रिजच्या दारात पडून राहते. पुढच्या वेळी कोणी ‘शुद्ध कोकम’ म्हटलं की ते नको म्हणतात. त्यांच्या लेबलावर ‘शुद्ध’ राहू दे बाजूला, ‘यात साखर नाही, मीठ आहे, सोलकढीसाठी आणि आमटीसाठी, सरबत करायचं तर साखर घाला’ एवढं हवं. नारळाच्या दुधाला किती चमचे, ते हवं. हे कुणा तज्ज्ञानं सांगितलेलं नाही. परत फोन करणाऱ्या चार बायकांना ‘बाटली संपली का?’ असं विचारलं की कळतं.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. आमसुलं करणाऱ्या बायकांना मी विचारलं, तुम्ही हे करता कसं? एप्रिल-मेमध्ये रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात. ते फोडायचे, बिया आणि गर बाजूला करायचा, साली मीठ घातलेल्या रसात भिजवायच्या, उन्हात घालायच्या, पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. अशी पुटावर पुटं देत साल काळीभोर, मऊ होते. हे सगळं पाऊस लागायच्या आत. बोटं आठवडाभर लाल. बियांचंसुद्धा तेल काढतात, पायांच्या भेगांना लावायला. मी म्हटलं, हे पाकिटावर का नाही? उत्तर आलं, ‘त्यात काय सांगूचां? सगळीच तशी करतत.’

अगदी हेच उत्तर शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेत क्लॉड हॉपकिन्स या जाहिरात लिहिणाऱ्याला मिळालं होतं. श्लिट्झ नावाच्या बिअरच्या कारखान्यासाठी त्याला मजकूर लिहायचा होता. त्या काळी सगळ्याच कंपन्या ‘शुद्ध’ एवढाच शब्द मोठ्यात मोठ्या अक्षरात छापत. हा आधी कारखाना बघायला गेला. गाळलेल्या हवेच्या काचेच्या खोल्या, यंत्रानं पुन्हा पुन्हा धुतल्या जाणाऱ्या बाटल्या, सरोवर शेजारी असूनही खोल विहिरीतून काढलेलं पाणी त्यानं पाहिलं. विचारलं, हे लोकांना का सांगत नाही? मालक म्हणाले, सगळेच असं करतात. हॉपकिन्सनं तेच लिहिलं, आणि श्लिट्झचा खप झपाट्यानं वाढला. करणाऱ्याला जे रोजचं असतं ते घेणाऱ्यानं कधी पाहिलेलंच नसतं. म्हणून बाजार ऐकायचा तसा आपला कारखानाही, मग तो मागच्या अंगणातला का असेना, नव्या डोळ्यांनी पाहायचा. 2016 मध्ये सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला मानांकन मिळालं. त्या मानांकनामागची लाल बोटं पाकिटावर यायला हवीत.

आता प्रत्यक्ष करायचं कसं, ते थोडक्यात. फोनजवळ एक वही ठेवा. येणारा प्रत्येक प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहा. तुमच्या भाषेत सुधारून लिहू नका. ‘जेवण कसं वाटलं?’ असं तोंडावर विचारू नका. पाहुणा सभ्य असतो, छानच म्हणणार. त्यापेक्षा जे झालं ते विचारा. मागच्या वेळी कुठे राहिला होतात? या वेळी तिथे का नाही गेलात? आमच्याआधी कुणाकुणाला फोन केला? चौकशी करून न आलेल्यांना चार दिवसांनी एक फोन करा, बुकिंगसाठी नव्हे, कारण विचारायला. हे सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत मोलाचं. एक हंगाम एवढं केलंत तर वहीतले प्रश्न पुन्हा पुन्हा येताना दिसतील, आणि जाहिरातीची पहिली ओळ त्यांतच सापडेल.

देवबागच्या एका घरच्या वहीत सारखा येणारा प्रश्न होता, ‘आमच्या आई मासे खात नाहीत, त्यांचं काय?’ त्यांच्या फलकावर सुरमईचं ताट होतं, पत्रकावर सुरमई होती. आणि घरात काळ्या वाटाण्याचं सांबारं, आंबोळ्या, फणसाची भाजी, नारळाच्या रसातले शिरवाळे रोज होत होते. आता पत्रकात दुसरीच ओळ शाकाहारी ताटाची आहे. दुसरा प्रश्न होता, ‘रेल्वेनं आलो तर?’ मालवणला रेल्वे नाही. कुडाळला उतरून तीसेक किलोमीटर यावं लागतं. आपल्याला ते इतकं माहीत आहे की लिहायचं राहूनच जातं.

कधी कधी वही सांगते की इथे लिहून भागणार नाही. ‘किनाऱ्यावर बायकांना कपडे बदलायची सोय आहे का?’ या प्रश्नाला सुंदर वाक्य हे उत्तर नव्हे. आधी खोली बांधा, मग लिहा.

आणि एक प्रश्न अजून कुणी नीट ऐकलेला नाही. मे अखेरीला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद होतात, त्या ऑगस्टअखेरपर्यंत. पाण्यातले खेळ बंद, बरीच घरंही बंद. तरी जुलैमध्ये फोन येतात, ‘पाऊस बघायला यायचंय, किल्ल्यावर जाता येईल का?’ आपण ‘बंद आहे’ म्हणतो आणि फोन ठेवतो. त्या माणसाला किल्लाच हवा होता, की आंबोलीचा धबधबा, भातलावणी, कुर्ल्यांचं कालवण, नुसता ओसरीवर बसून पाहायचा पाऊस? येत्या जूनपासून फोन ठेवण्याआधी एवढं विचारा, ‘तुम्हाला काय बघायचं होतं?’ आणि उत्तर लिहून ठेवा. गणपतीआधी त्या वह्या घेऊन या. पावसाळ्याचं पत्रक आपण एकत्र बसून लिहू.