रक्तदाबाचे औषध : ज्याचे त्याला
(पिंपळगाव बसवंत येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



रक्तदाबाच्या औषधांच्या इतिहासात महाराष्ट्राने अभिमान बाळगावा अशी एक गोष्ट आहे. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्या सर्पगंधेचा या विकारावरील उपयोग ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला आणि जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. परंतु त्याने काही रोग्यांस विषण्णता येते असे आढळले, आणि अधिक सोयीची औषधे निघाल्यावर ते मागे पडले. तात्पर्य, औषध केवळ दाब उतरविते एवढ्यावर निवडावयाचे नसते. घेणाऱ्याची प्रकृतीही पाहावी लागते.

भुरीवरील गंधक डावणीवर चालत नाही, हे येथील प्रत्येक द्राक्षबागाइतदार जाणतो. घरात मात्र ‘काकांना जी गोळी लागू पडली तीच आणा’ असे आपण सर्रास म्हणतो!

आज प्रथम योजावयाच्या औषधांचे मुख्य वर्ग तीन. अ‍ॅम्लोडिपिनसारखी औषधे रक्तवाहिन्या सैल करतात; त्यांनी कित्येकांच्या पायांवर सूज येते. एनालाप्रिल व टेल्मिसार्टन ही, मधुमेह्याच्या लघवीतून प्रथिने जात असल्यास, मूत्रपिंडांचे रक्षण करतात. परंतु गर्भवतीस ती वर्ज्य होत, कारण गर्भास इजा पोहोचते. एनालाप्रिलने काहींस कोरडा खोकलाही लागतो. क्लोरथॅलिडोनसारखी लघवी वाढविणारी औषधे स्वस्त व गुणकारी आहेत. मात्र त्यांनी गाउट हा सांध्यांचा विकार बळावू शकतो. यांखेरीज हृदयविकारात देण्यात येणारे अ‍ॅटेनोलॉल दमेकऱ्यास बाधू शकते, आणि ते एकाएकी सोडणे धोक्याचे असते. अनेकांस एका औषधाने भागत नाही. तेव्हा दोन औषधे अल्प मात्रेत देतात. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

दाब १२०-८० आला म्हणून गोळी सोडणारे पुष्कळ आहेत. तो आकडा गोळीमुळेच आलेला असतो! हा विकार बहुधा दुखत नाही, खुपत नाही. आणि एके दिवशी पक्षाघाताने घरातील कर्ता माणूस अंथरुणास खिळतो. रोग पानावर दिसण्यापूर्वी फवारणी करणाऱ्यांस याहून अधिक काय सांगावे?

शेवटी एवढीच विनंती. वैद्यांकडे जाताना घरातील साऱ्या गोळ्या बरोबर न्याव्या. गुडघेदुखीची गोळीदेखील दाब वाढवू शकते. दिवसाचे मीठ, लोणचे-पापडांसह, पाच ग्रॅमांच्या आत ठेवावे. सुनेस वा लेकीस दिवस राहण्याची शक्यता असेल तर ते संकोच न करता सांगावे. आणि पुढील संमेलनात भोजनाच्या पंगतीपूर्वी प्रत्येक प्रौढाचा रक्तदाब मोजण्याची व्यवस्था मंडळाने करावी, अशी सूचना करून मी आपली रजा घेतो.