मातेचे ताट आणि बाळाची आरंभीची शिल्लक
(संस्थेच्या वार्षिक सभेतील प्रशासन विभागाचे मनोगत)



प्रशासन विभागातील आम्ही मंडळी हिशेबाची. वैद्यकशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. तथापि गर्भवतींच्या पूरक आहारासाठी आपण दिलेला निधी केव्हा खर्च करावा, हे समजून घेणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.

१९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनव्याप्त पश्चिम नेदरलँड्समध्ये भीषण अन्नटंचाई झाली. त्या काळात गर्भधारणा झालेल्या व्यक्तींची सुमारे साठ वर्षांनी तपासणी झाली. वाढीशी संबंधित आयजीएफ-२ या जनुकावरील मिथाइल खुणा त्यांच्यात सख्ख्या भावंडांपेक्षा कमी आढळल्या, असे २००८ साली प्रसिद्ध झाले. जनुक तेच, त्याच्या कार्याचे नियमन करणाऱ्या खुणांत मात्र फरक पडला होता. या खुणा उमटण्यास फोलेट व बी-१२ जीवनसत्त्वाचे साहाय्य लागते, आणि ती दोन्ही मातेच्या ताटातूनच येतात.

आपल्याकडेही हे कार्य झाले आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांत केलेल्या अभ्यासात, गरोदरपणी बी-१२ कमी व फोलेट अधिक असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला होणारा प्रतिरोध सर्वाधिक दिसला. म्हणून फॉलिक आम्लाच्या गोळ्या बंद करू नयेत. त्यांच्या जोडीला दूध, दही, अंडी, मासळी यांपैकी जे घरात चालते ते अवश्य द्यावे.

मुंबईतील वस्त्यांमध्ये पालेभाजी, फळे व दूध यांचा खाऊ गर्भधारणेपूर्वीपासून देण्यात आला. २०१४ साली प्रसिद्ध निष्कर्षांनुसार, सर्व मातांचा एकत्रित विचार करता बाळांच्या वजनात लक्षणीय वाढ झाली नाही. परंतु किमान तीन महिने आधी आरंभ केलेल्यांच्या बाळांचे वजन काहीसे वाढले. अतिकृश मातांना मात्र हा लाभ दिसला नाही.

आमची आहार योजना नावनोंदणीनंतर सुरू होते. तोवर बाळाच्या खात्यातील आरंभीची शिल्लक बरीचशी ठरून गेलेली असते. यास्तव ती नवविवाहितांपर्यंत न्यावी, अशी विश्वस्तांना विनंती आहे. त्यासाठी देणगीदारांचे साहाय्य अपेक्षित आहे.

कुटुंबीयांस एकच सांगणे: सुनेने सर्वांच्या मागून, उरलेले जेवावे ही रीत सोडावी. बाळ अशक्त जन्मले तर तिला दोष देऊ नये. तिचे ताट भरणे हे साऱ्या घराचे दायित्व आहे.