वासरू तोडण्याचा दिवस



मांसासाठी पाळलेल्या गुरांचा विषय घेऊन आम्ही आपणांपुढे उभे आहोत. आपल्यापैकी पुष्कळांना तो रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. पण ज्या व्यवहाराचा शेवट आपल्याला पटत नाही, त्याच्या आतही शिकण्यासारखे काही असू शकते, एवढेच आज सांगावयाचे आहे.

अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात वाळूच्या टेकड्यांचा एक विस्तीर्ण प्रदेश आहे. नांगराला निरुपयोगी, पण गवताला उत्तम. तेथल्या कळपांतील गाईंची धार कोणी काढीत नाही. आईचे सारे दूध वासराचे. आपण गाईला माता म्हणतो आणि पान्हा फुटताच वासराला दाव्याने मागे ओढतो. तेथे ज्याची वाट कत्तलखान्याकडे जाते, ते वासरू सहासात महिने पोटभर पिते. हा विरोध क्षणभर मनाशी असू द्यावा.

मग वासरू तोडायचे कशासाठी? उत्तर आईच्या अंगलोटात आहे. गाय सुमारे २८३ दिवस गाभण असते. वर्षाला एक वेत हवे, तर व्याल्यावर ८२ दिवसांच्या आत ती पुन्हा गाभण राहिली पाहिजे. वसंतात व्यालेली गाय अंगावर पिणारे वासरू घेऊन हिवाळ्यात शिरली की तिच्या बरगड्या दिसू लागतात आणि पुढच्या वर्षी ती माजावर उशिरा येते. म्हणून ऑक्टोबरच्या सुमारास वासरे तोडतात. गवत करपले तर त्याआधीच. त्याच सुमारास गाईंची तपासणी होते. अंगलोटाला १ ते ९ असे गुण देतात. ५ च्या आसपास असलेली गाय हिवाळा सोसते. गाभण न राहिलेली गाय पुष्कळदा कळपातून काढली जाते. धंदा तो धंदा.

आता तोडण्याची रीत पाहू. जुनी रीत अशी, की एका सकाळी वासरे वेगळी करून मालमोटारीत भरायची. मग दोनतीन दिवस दोन्हीकडे हंबरडा. वासरू कुंपणाच्या कडेने येरझाऱ्या घालते, चरायचे विसरते. त्यात प्रवासाचा शीण, अनोळखी जनावरांची गर्दी, आणि पाठोपाठ फुप्फुसांचा ताप. काही वासरे त्यातच दगावतात.

पण वासरू रडते ते दुधासाठी की आईसाठी? हे शोधण्याजोगे होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मायलेकरांमध्ये नुसते कुंपण ठेवले. दूध बंद झाले, पण आई समोर होती. ती वासरे कमी हंबरली आणि त्यांचे वजनही अधिक वाढले. हेली, बेली आणि स्टूकी यांचा प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी वासरू आईजवळच ठेवले, पण त्याच्या नाकात एक चकती अडकवली. तिने चरता येते, पाणी पिता येते. आचळ मात्र तोंडात धरता येत नाही. काही दिवसांनी चकती काढून वासरू वेगळे केले, तेव्हा आकांत फारच थोडा झाला.

तात्पर्य सरळ आहे. दूध आणि आई ही दोन निराळी सुखे आहेत. ती एकाच दिवशी हिरावून घेऊ नयेत. जाणता पशुपालक लस आधीच टोचतो, खच्चीकरण लहानपणीच उरकतो. एका दिवशी एकच दुःख. यात त्याची दया किती आणि हिशेब किती, हे आम्ही तोलीत बसत नाही. वासराच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. त्याचा शेवट मात्र याने बदलत नाही, हेही आम्ही लपवीत नाही.

श्रोतेहो, उद्या सकाळी चहात दूध ओताल, तेव्हा एवढेच विचारा: ज्या गाईचे हे दूध, तिचे वासरू कोठे आहे, आणि त्याच्या वाट्याला किती आले? वासराला माता म्हणजे काय, हे आपल्याला निराळे शिकवावे लागू नये.