वाफ्याची रुंदी



बंगळुरूची इलेक्ट्रॉनिक सिटी जेथे उभी आहे, ती जमीन कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांची. कर्नाटकाच्या इलेक्ट्रॉनिक्स विकास महामंडळाने १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे ३३२ एकरांवर ही वसाहत वसविली. नोकरीनिमित्त तेथे स्थिरावलेल्या मराठी घरांतील मुलांना तेथील तांबडी माती दिसते ती बहुधा इमारतीचा पाया खोदला जाताना. अशा ठिकाणी शाळेने भाजीचे वाफे करावयाचे म्हटले, की पालक विचारणारच : कुदळच धरावयाची, तर शाळा कशाला?

हा प्रश्न जुना आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी उद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली, तेव्हापासून तिच्यावर बालश्रमाचा आक्षेप घेतला गेला. आक्षेप पोकळ नव्हता. मुलांकडून नुसती खणती करून घेतली, तर ती फुकटची मजुरीच होय. नई तालीमचे म्हणणे निराळे होते : काम हेच शिकण्याचे माध्यम व्हावे. सेवाग्रामच्या आनंद निकेतन या मराठी शाळेत, २००५ पासून, शेतीकाम अभ्यासातच गुंफलेले आहे.

वाफा काय शिकवितो? रोपांसाठी गादीवाफा साधारणतः तीन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर उंच करतात. म्हणजे जवळजवळ अर्धा घनमीटर माती. ती भुसभुशीत करावयाची, ढेकळे फोडावयाची, शेणखत मिसळावयाचे. पण रुंदी एकच मीटर का? दोन्ही बाजूंना बसून हात मध्यापर्यंत पोहोचावा आणि वाफ्यात पाय पडू नये, म्हणून. पायाखाली माती दबली की मुळांना हवा मिळत नाही. हे माप मोठ्या माणसाच्या हाताचे. चौथीतल्या मुलाचा हात तेथवर पुरत नाही, तो वाकतो, तोल जातो आणि पाय वाफ्यात पडतो. तेव्हा मुलांनी आधी आपला हात मोजावा, त्याची दुप्पट करावी आणि मगच दोरी ताणावी. गणिताच्या तासाला याहून बरे उदाहरण क्वचितच सापडते.

उंचीही पुस्तकातून घेऊन चालत नाही. वर्ध्याची काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून पावसाळ्यात तेथे गादी उंचच हवी. बंगळुरूच्या तांबड्या मातीतून पाणी लवकर निथळते. उन्हाळ्यात तेथे सपाट वाफा करून कडेने बांध घालावा, म्हणजे झारीने घातलेले पाणी वाहून न जाता जागीच मुरते.